दहा उजव्यांत एक डावरी

थांग पेइयुन चार वर्षांची असताना तिची आई रोज जेवणाआधी तिच्या डाव्या हाताची बोटं सुती चिंधीने बांधून ठेवायची. आई काही दुष्ट नव्हती. पण पोरगी डाव्या हातात जेवायच्या काड्या धरून बसली की गोल टेबलाशी शेजारच्याच्या कोपराला तिचं कोपर लागायचं आणि कुणाचा तरी भात सांडायचा. पाहुण्यांसमोर असं झालं की आईला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. म्हणून जेवायच्या आधी चिंधी, आणि वाटी धुऊन पालथी घातली की सुटका.

आजीला हे पटत नसे.

"बांधतेस कशाला गं तिला? बाजारात न्यायचं बदक आहे का ते?"

"सासूबाई, ही अशीच राहिली तर उद्या हिला करून कोण घेईल?"

"कुणी न घेऊ दे. दहा उजव्यांत एक डावरी, तर जरीला झळाळी."

हे आजीचं एकटीचं बोलणं नव्हतं. गावातल्या सगळ्याच म्हाताऱ्या तसं म्हणायच्या. डावखुऱ्या मुलीचं आणि तिच्या आईचं समाधान करायला कुणीतरी रचलेलं असावं, असंच सगळे धरून चालले होते. म्हणीचा अर्थ कोण विचारत बसतो?

गाव नानजिंगच्या पूर्वेला, यांगत्झेच्या काठी. सोनं ठोकून त्याचा वर्ख करायचा, तो कागदावर डकवून त्याच्या केसाएवढ्या पट्ट्या कापायच्या, आणि त्या पट्ट्या रेशमाच्या धाग्याभोवती गुंडाळून कलाबतू करायची, यावर गाव पिढ्यान्‌पिढ्या जगत आलं होतं. ठोकायचं काम पुरुषांचं, पीळ द्यायचं बायकांचं. उंचावर बांधलेल्या बांबूवरून धागा खाली सोडलेला असे आणि त्याच्या टोकाला चाती लटकत असे. उजव्या मांडीवर चामड्याची पट्टी बांधायची, तिच्यावर चाती ठेवून तळहाताने पुढे ढकलून सोडायची. चाती भिरभिरत राही आणि सोन्याची पट्टी आपोआप धाग्यावर चढत जाई, दोन वेढ्यांमध्ये मुंगीच्या पायालाही जागा न ठेवता.

पेइयुन सहा वर्षांची झाल्यावर बांबूखाली बसली आणि तिने चाती घेतली ती डाव्या मांडीवर. डाव्या हाताने पुढे ढकलली की चाती उलटी फिरते. इतर पोरींचा पीळ ज्या अंगाला झुके, त्याच्या विरुद्ध अंगाला हिचा. धागा मात्र असा सुबक की आजीने तो खिडकीशी धरून दोनदा पाहिला आणि एक जुनी चामड्याची पट्टी काढून दिली. ती डाव्या मांडीची होती. मध्ये तळहाताएवढी झिजलेली. आजी स्वतः उजवी. पट्टी कुणी झिजवली होती ते तिलाही ठाऊक नव्हतं. घरात होती एवढंच.

शहरातल्या व्यापाऱ्याचा माणूस महिन्यातून एकदा येई, लड्या बोटांमधून फिरवून बघे. "ही उलटी कुणाची?" म्हणून त्याने पेइयुनची लडी अंगणात भिरकावली, तिच्यावरून कोंबडी चालत गेली. दुसऱ्या महिन्यातही तेच झालं. तिसऱ्या महिन्यापासून पेइयुन उजव्या हाताने पीळ द्यायला शिकली.

तिचा उजव्या हाताचा धागा वाईट नव्हता, फार चांगलाही नव्हता. वर्गात काही मुलं असतात, दर परीक्षेत पास होणारी आणि कुणाच्याही लक्षात न राहणारी. तसा होता तो धागा.

चोविसाव्या वर्षी लग्न होऊन ती नानजिंग शहरात आली आणि जरीकापडाच्या कारखान्यात लागली. नवरा शाओ देमिंग खारवलेल्या बदकांच्या दुकानात कामाला होता. त्याच्या अंगाला बारा महिने मिरीचा आणि मिठाचा वास येई आणि तोंडाला कधी कुलूप नसे. कारखान्यात मोठे माग होते, दुमजली घराएवढे. वर चढून बसलेला माणूस दोऱ्या ओढून उभे धागे उचलायचा आणि कुठली दोरी कधी ओढायची ते गाण्यात म्हणायचा. खाली बसलेला कारागीर त्या गाण्यावर रंगीत रेशमाच्या आणि जरीच्या कांड्या घालत जायचा. कापड उलटं विणलं जाई. सुलटी बाजू खाली. तुकडा मागावरून उतरवून पालथा केला की मगच कळे, काय झालंय ते.

खाली बसणाऱ्यांत सगळ्यांत वरचढ गाओ उस्ताद. तेव्हा पन्नाशीचे. त्यांचे वडील आणि आजोबा याच कामातले. मागाशेजारी खिडकीत त्यांचं स्टूल होतं, त्यावर दुसरं कुणी बसत नसे. उतरवलेला तुकडा ते मांडीवर पसरून त्याच स्टुलावर, त्याच उजेडात बघायचे आणि निकाल द्यायचे. निकालावर अपील नव्हतं.

लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी पेइयुनच्या उजव्या अंगठ्याला गळू झालं. एका नाटक मंडळीला राजाचा पोशाख हवा होता, त्याची घाई चाललेली. तिने तीन लड्या डाव्या हाताने काढल्या. सोनं तेच, रेशीम तेच. कुणाला कळणार आहे? गाओ उस्तादांनी तुकडा उतरवला, मांडीवर पसरला, आणि सोनेरी ढगाच्या मधोमध चार बोटं रुंदीचा पट्टा दिसला. काळवंडलेला, जसा काही धुराचा हात फिरला आहे.

"कुणाचा हा धागा?"

पेइयुन पुढे झाली. उस्तादांनी लडी मागवली, एक धागा नखावर ओढला आणि म्हणाले, "उलटा पीळ. डावरी आहेस तू?"

"हो, उस्ताद."

"मग आजवर लपवलंस का?"

साठ माणसं काम थांबवून बघत होती. वरच्या दोरीवाल्याचं गाणंसुद्धा थांबलं होतं. उस्तादांनी कात्री घेतली, खराब पट्टा दोन्हीकडच्या चांगल्या कापडासकट कापून काढला आणि तिच्या हातात दिला.

"घे. उशाला घेऊन झोप. रोज सकाळी उठलीस की बघ, काय करून ठेवलंस ते."

त्या दिवसापासून तिला जरीचं काम मिळालं नाही. मागच्या खोलीत रंगीत रेशमाच्या कांड्या भरायच्या. लाल, निळ्या, कोवळ्या बांबूच्या हिरव्या. ते तिने चोवीस वर्षं केलं. दोन मुलं झाली, मोठी झाली. आई म्हातारी झाल्यावर तिला गावाहून शहरात आणलं. कारखान्याचं नाव दोनदा बदललं, मध्ये काही वर्षं राजेरजवाड्यांची नक्षी विणायची नाही असा हुकूम होता म्हणून मागांवर चादरी निघाल्या. गाओ उस्ताद निवृत्त झाले, आणि गुडघे दुखत असूनही रोज येऊन आपल्या स्टुलावर बसत राहिले. पेइयुनला ते दिसले की ती भिंतीच्या कडेने जायची.

पण शिक्षा तिने प्रामाणिकपणे भोगली. कापडाची ती पट्टी खरोखरच उशाशी ठेवली आणि रोज सकाळी बघितली. म्हणूनच एक गोष्ट तिच्या लक्षात आली, जी कारखान्यात कुणाच्याच लक्षात आली नव्हती. उशीवरून डोकं न उचलता बघितलं तर मधला पट्टा काळवंडलेला दिसे. पण उठून पलंगाच्या दुसऱ्या बाजूला गेलं आणि चपला शोधता शोधता मागे वळून बघितलं, की तोच पट्टा लखलखायचा आणि दोन्हीकडचं उस्तादांचं चांगलं कापड विझलेलं दिसायचं.

हे तिने देमिंगला दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे धागा अगदी तुझ्यावर गेलाय. चारचौघांत समोर उभं केलं की मुकाट, आणि घरात मागून चमकतो."

तिने त्याला उशी फेकून मारली. विषय तिथेच राहिला. कांड्या भरणाऱ्या बाईला कोण विचारणार होतं?

ती एकोणपन्नास वर्षांची झाली, म्हणजे निवृत्तीला एक वर्ष उरलं, तेव्हा कारखान्यात अंगरख्याचा ध्यास सगळ्यांना लागलेला होता.

अंगरखा शेवटच्या राजघराण्यातल्या एका सम्राटाचा. दरबारात घालायचा, पिवळ्या रेशमाचा. खाली लाटा आणि डोंगर, अंगभर ढग, आणि छातीवर समोर तोंड करून बसलेला पाच नखांचा ड्रॅगन, हनुवटीखाली मोती. दीडशे वर्षांहून जुना. शहरातल्या एका संग्रहालयाने तो अंधाऱ्या खणात सपाट झोपवून ठेवला होता. टांगला तर स्वतःच्या वजनाने फाटेल अशी अवस्था. म्हणून त्याची हुबेहूब प्रत विणायची आणि लोकांना ती दाखवायची असं ठरलं. आधी फक्त छातीचा तुकडा विणून संग्रहालयाने नेमलेल्या समितीला दाखवायचा. तो पसंत पडला तर पूर्ण अंगरखा.

या कामावर शेन बाई होत्या. चाळिशीच्या, संशोधन विभागातल्या, दोन वेण्या आणि जाड भिंग. अंगरख्याला हात लावायची परवानगी नव्हती, पण त्यातून गळून पडलेले धागे एका पाकिटात जपून ठेवलेले होते. त्यावरून त्यांनी सोन्याचा कस, वर्खाची जाडी, रेशमाचे पदर, सगळं मोजलं. गाओ उस्ताद पंचाहत्तराव्या वर्षी पुन्हा मागावर बसले. आठ महिन्यांनी छातीचा तुकडा तयार झाला. समितीतले सगळ्यांत वयस्क, पेकिंगचे ल्याओ गुरुजी, काठी टेकत आले. तुकड्यासमोर उभे राहिले, मग हळूहळू एका बाजूने दुसऱ्या बाजूला चालत गेले.

"सुंदर आहे," ते म्हणाले. "पण झोपलाय."

एवढंच. कारखान्याने या चार शब्दांचा कीस काढला. कुणी म्हणे रंग फिका झाला, कुणी म्हणे सोनं कमी पडलं. शेवटी डोळे बारीक झाले असावेत असं ठरलं. दुसरा तुकडा विणला, त्यात बुबुळं मोठी आणि काळीभोर. गुरुजी आले, तसेच चालले.

"आता डोळे उघडे ठेवून झोपलाय."

तिसरा तुकडा शेवटचा असणार होता. तोही पसंत पडला नाही तर काम दुसऱ्या शहराला जाणार आणि मोठा माग खोलून ठेवणार, हे सगळ्यांना कळलं होतं. उस्तादांनी जेवण कमी केलं होतं.

त्या शरद ऋतूत शेन बाईंनी आग्रह धरून सगळ्या कामगारांना मूळ अंगरखा बघायला नेलं. पाच-पाच जणांची तुकडी, तोंडाला फडकं, बोलायचं नाही. कांड्यावाल्या बायका सर्वांत शेवटी. लांब टेबलावर अंगरखा हात पसरून पडला होता. बायका समोर ओळीत उभ्या राहून पुटपुटल्या, "अगं बाई, केवढं हे काम!" आणि निघाल्या. पेइयुन मात्र टेबलाच्या कडेने चालत गेली, जशी रोज सकाळी पलंगाच्या कडेने जायची.

उजवीकडून बघितलं, तर ड्रॅगनचा उजवा गाल पेटलेला आणि डावा सावलीत. ती डावीकडे जाऊ लागली तशी सावली नाकावरून सरकत सरकत पलीकडे गेली आणि डावा गाल पेटला. जणू तिच्याबरोबर त्याने मान वळवली. ती परत उजवीकडे आली, त्यानेही मान परत वळवली.

ती डाव्या गालावर वाकली.

"काकू, मागे व्हा! श्वाससुद्धा लागता कामा नये!" पहारेकरी ओरडला.

ती मागे झाली, पण तेवढ्यात तिने बघितलं होतं. खवल्यांतली जर विरुद्ध अंगाला पिळलेली. इतकी सुबक, इतकी न चुकलेली, की ते कुणाच्या गळवामुळे झालेलं नव्हतं. दीडशे वर्षांपूर्वी एक बाई बांबूखाली बसली होती, डाव्या मांडीवर पट्टी बांधून, आणि कुणी तिची लडी अंगणात फेकली नव्हती. उलट तिच्याकडून मागून घेतली होती.

पेइयुनला वाटलं, रडू येईल. आलं ते हसू. फडक्याच्या आत ती हसत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती उशाची कापडाची पट्टी घेऊन कामावर आली. भिंतीच्या कडेने न जाता सरळ मोठ्या मागाकडे गेली. तिथे शेन बाई आणि उस्ताद तिसऱ्या तुकड्याच्या डोळ्यांवरून वाद घालत होते.

"शेन बाई, अर्धा ड्रॅगन डावरीचा आहे."

"काय?"

"त्याच्या डाव्या अंगाची जर उलट्या पिळाची आहे. उजव्या अंगाची सुलट्या. पाकिटातले धागे अंगरख्याच्या कुठल्या बाजूचे आहेत?"

शेन बाईंनी वही उघडली, पानं उलटली, आणि त्यांचा चेहरा बदलला. "सगळे उजवीकडचे," त्या म्हणाल्या. "डावीकडचे गळलेच नाहीत."

उस्ताद स्टुलावरून न हलता म्हणाले, "ही तीच ना? नाटकाचा पोशाख नासवणारी? सुंभ जळेल पण हिचा पीळ जायचा नाही! बाई, उलटा धागा म्हणजे चुकलेला धागा. माझ्या आजोबांच्या वेळेपासून."

"तुमच्या आजोबांच्या वेळी राजवाड्याचं काम येत होतं का, उस्ताद?"

"...बंद झालं होतं."

"मग हे बघा." तिने पट्टी त्यांच्या मांडीवर ठेवली.

त्यांनी ती लगेच ओळखली. आपलं कापड माणूस विसरत नाही. "दिसतंय की. काळी पडलीय. तेव्हा होती तशीच आहे."

"तिथून तशीच दिसणार. आता उठा आणि या बाजूला या."

आजवर उस्तादांना कुणी स्टुलावरून उठा म्हटलं नव्हतं. आजूबाजूचे धोटे थांबले. वरचा दोरीवाला वाकून बघू लागला. उस्ताद शेन बाईंकडे बघत राहिले, कुणी या बाईला आवरेल म्हणून. शेन बाईंनी पट्टी उचलून स्टुलावर पसरली आणि म्हणाल्या, "उठा, उस्ताद."

ते उठले. गुडघ्यावर हात ठेवून चार पावलं चालले, खिडकीच्या दुसऱ्या अंगाला गेले, वळले.

मग पुन्हा स्टुलापाशी आले, बघितलं, पुन्हा पलीकडे गेले. असं तीनदा.

"साठ वर्षं," ते शेवटी म्हणाले, "मी या स्टुलावरून उठून बघितलंच नाही."

"कांड्या भरायला स्टूल नसतं," पेइयुन म्हणाली. "म्हणून मला दिसलं."

कुणीतरी वरून खुदकन हसलं. उस्तादांनी मान वर करून बघितलं, पण रागावले नाहीत.

"तुझ्या गावात म्हाताऱ्या काहीतरी म्हणायच्या," ते म्हणाले. "माझी आई तिकडचीच. दहा उजव्यांत…"

"एक डावरी."

"आम्हाला वाटायचं, पोरींची समजूत काढतात."

ती समजूत नव्हती. कामाचा नियम होता. राजवाड्याची मागणी आली की दोन्ही पिळांची जर लागणार, म्हणून प्रत्येक घराने एक डावरी राखून ठेवायची. मागणी थांबली, नियमातलं काम गळून गेलं आणि म्हण तेवढी उरली.

आता हवी होती अर्ध्या ड्रॅगनपुरती डावरी जर. तरुण मुलींनी उजव्या हातानेच चाती उलटी ओढून बघितली. पण ढकलण्यातला जोर ओढण्यात येईना, वेढे सैल पडत, मधून रेशीम दिसे. काम पेइयुनवरच आलं. आणि पहिल्याच दिवशी तिच्या हातून धागा अकरा वेळा तुटला. चोवीस वर्षं डाव्या हाताने तिने चमचासुद्धा उचलला नव्हता. हात अवघडून गेला होता, वर्गात कधी विचारलंच नाही की मूल उत्तर विसरतं तसा.

संध्याकाळी ती घरी आली. देमिंगने बदक तोडून ठेवलं होतं, भात, मुळ्याचं लोणचं. तो म्हणाला, "मान आवडते ना तुला? घे. आज सम्राटाला सोडून तू आमच्याकडे जेवतेयस, नशीब आमचं."

"धागा टिकत नाहीये."

"मग हाताला काम दे. एकदम सोनं काय देतेस? आधी बदक दे."

तिची आई टेबलाच्या दुसऱ्या बाजूला होती. ऐंशी पार केलेली, कमी ऐकू येणारी. सगळं ऐकलं असं कुणाला वाटलं नाही. पण ती उठली, टेबलाला धरत धरत पेइयुनपाशी आली, तिच्या वाटीच्या उजवीकडच्या काड्या उचलल्या आणि डावीकडे ठेवल्या.

"आई, शेजारी देमिंग बसलाय. कोपर लागेल."

"लागू दे," म्हातारी म्हणाली. "जावयाला थोडं सरकायला काय झालं?"

देमिंग खुर्चीसकट सरकला, भिंतीला जाऊन लागला आणि तिथूनच जेवला. पुढचे तीन आठवडे तो भिंतीलाच जेवला. डाव्या हाताने पेइयुनने भात खाल्ला, भाजी चिरली, शेंगा सोलल्या, झाडू मारला. कारखान्यात डाव्या मांडीवर आजीने दिलेली तीच जुनी झिजलेली चामड्याची पट्टी बांधली. पट्टीचा खळगा तिच्या तळव्यात बरोबर बसला, लहानपणी बसायचा त्याहून चांगला. तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस एका सकाळी चाती सुटली ती सुटलीच. धागा बांबूवरून जमिनीपर्यंत अखंड उतरला. गुंडाळला, पुन्हा सोडला. जेवणाच्या घंटेपर्यंत एकदाही तुटला नाही. शेन बाईंनी भिंगाखाली धरला, आणि भिंग खाली ठेवून नुसत्याच बघत राहिल्या.

"एक चूक सापडेना," त्या म्हणाल्या. "मला सवय नाही अशी."

उस्तादांनी सहा महिने विणलं. मागाच्या उजवीकडे सुलट्या कांड्या, डावीकडे उलट्या. चुकू नये म्हणून पेइयुनच्या कांड्यांच्या टोकाला तिने लाल धागा बांधला होता, आणि प्रत्येक कांडी ती स्वतःच्या हाताने त्यांच्याकडे देई. उस्ताद ती घेत, म्हणत, "डावी?" ती म्हणे, "डावी." एवढंच बोलणं. पण दिवसातून शंभर वेळा.

पीच फुलले तेव्हा समिती आली. तिच्या निवृत्तीला सोळा दिवस उरले होते. मोठ्या दालनात नवा तुकडा भिंतीवर टांगला होता. सगळा कारखाना दाराशी गर्दी करून उभा. बदकाच्या दुकानातून सुट्टी काढून देमिंगही घुसला होता, आणि पुढच्याला ढकलत "माझी बायको आहे, बायको," म्हणत होता. उस्तादांना बसायला खुर्ची दिली, ते बसले नाहीत.

ल्याओ गुरुजी काठी टेकत आले. समोर उभे राहिले. चेहऱ्यावर काही नाही. मग नेहमीसारखे उजवीकडून चालू लागले.

दोन पावलं टाकून ते थांबले. ड्रॅगन त्यांच्याकडे बघत होता. आणखी दोन पावलं. सावली नाकावरून सरकली, डावा गाल उजळला, ड्रॅगनने मान वळवली. गुरुजी एकदम थांबले, पुन्हा मागे गेले. तोही मागे वळला. ते भरभर पुढे चालले. काठी विसरली होती, ती एका मुलीने धरली. ऐंशी वर्षांचा माणूस ड्रॅगनसमोर येरझारा घालत होता, आणि ड्रॅगन त्याच्यावरची नजर काढत नव्हता. लहान मूल आरशापुढे पुढेमागे होतं तसं ते चाललं होतं.

शेवटी गुरुजींनी टोपी काढली आणि ड्रॅगनला मान लववली.

"जागा आहे," ते म्हणाले. "जागा आहे, आणि माझ्यावर पाळत ठेवतोय!"

असा ओरडा झाला की वरच्या खिडकीची काच वाजली. दोरीवाल्यांनी टोप्या उडवल्या. शेन बाई, ज्यांना कुणी कधी मोठ्याने हसताना पाहिलं नव्हतं, त्यांनी पेइयुनच्या गळ्यात पडून तिचा खांदा भिजवला.

"विणलं कुणी?" गुरुजींनी विचारलं.

"मी," उस्ताद म्हणाले. "पण माझ्या हाताने दोनदा झोपलेलाच निघाला होता. जागा केला तो हिने." त्यांनी पेइयुनचा डावा हात मनगटाला धरून वर उचलला, सगळ्यांना दिसेल इतका उंच. "या हाताने."

चोवीस वर्षांपूर्वीची साठ माणसं आता तिथे नव्हती. पण होते त्या सर्वांनी तो हात पाहिला.

संध्याकाळी देमिंगने दुकानातून बारा बदकं आणली. मालकाला काय सांगितलं ते त्याने कधी सांगितलं नाही. पेइयुनची निवृत्ती रद्द झाली. पूर्ण अंगरखा विणायला तीन वर्षं लागली, आणि त्याच्या डाव्या अंगाचे सगळे ढग, सगळ्या लाटा तिच्या हातच्या. दुसऱ्याच महिन्यात तिच्या गावाकडच्या आणि आसपासच्या शाळांमध्ये कारखान्याची चिठ्ठी गेली: डावखुऱ्या मुली पाहिजेत. ज्या आया पोरींची बोटं बांधत होत्या, त्याच त्यांना नवे कपडे घालून, वेण्या घालून दाराशी घेऊन आल्या. "आमची अगदी पक्की डावरी आहे हो," म्हणू लागल्या. "उजव्या हाताने तिला काही म्हणजे काही येत नाही!" एकीच्या पोरीने उजव्या हाताने नाक पुसलं, तर आईने तिला तिथेच चिमटा काढला.

पेइयुनने नऊ निवडल्या. त्यांच्यासाठी नऊ पट्ट्या शिवून घेतल्या, सगळ्या डाव्या मांडीच्या.

गाओ उस्ताद आणखी पाच वर्षं जगले आणि येत राहिले. स्टूल त्यांनी खिडकीतून काढायला लावलं. उतरवलेला तुकडा आता भिंतीवर टांगत, आणि काठी टेकत त्याच्यासमोरून चालत जात, इकडून तिकडे, तिकडून इकडे. एकदा तसे चालता चालता ते पेइयुनपाशी थांबले.

"ती मी कापून दिलेली पट्टी आहे का गं अजून?"

"आहे."

"मला देतेस? भिंतीला लावीन. पोरांना शिकवायला बरी."

पेइयुन हातातली चाती सोडून हसली.

"नाही, उस्ताद. तुम्हीच उशाला दिली होतीत. ती उशालाच राहणार."